फूग मोजायची खटपट : सांगलीतल्या पूरपट्टी प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी

संस्थेच्या सभागृहात पुरावरचा सेमिनार. हारतुरे आणि परिचय यांत पहिला तास गेला, नेहमीसारखाच. मग पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ सभासद बोलायला उभे राहिले (त्यांना सगळे काकाच म्हणतात) आणि हॉल जागा झाला. त्यांनी फळ्यावर एकच गणित मांडलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक लाख क्युसेक विसर्ग चोवीस तास चालू राहिला तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जातं. कोयना धरणाची पूर्ण साठवण १०५.२५ टीएमसी. "आता तुम्हीच सांगा, भरलेलं धरण दोन दिवसांत कोण रिकामं करून दाखवील?" पेपरात रोज वाचलेले आकडे बऱ्याच जणांना आज पहिल्यांदा एकमेकांशेजारी ठेवून दिसले.

प्रश्नोत्तरं ठरल्यासारखी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे वळली, त्याच्या साठ्याने आमचा पूर वाढतो का या वादाकडे. पाणी ५१९.६० मीटरपर्यंत भरू द्यायचं का, कर्नाटकला उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेऊ द्यायची का, २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही ते बरोबर की चूक. प्रश्न खरे आहेत. पण सांगलीतल्या कुठल्याही सभेत ते एकदा निघाले की दुसरं काही बोलायला जागा उरत नाही.

शेवटच्या पाच मिनिटांत मागच्या रांगेतून एक वहिनी उठल्या. नाल्याकाठच्या एका कॉलनीत राहतात, बचत गट चालवतात. म्हणाल्या, "आयर्विन पुलाला किती फूट झालं ते मोबाईलवर कळतंय. पण आमच्या गल्लीत पाणी किती फुटाला शिरतं, हे कुणी लिहून ठेवलंय का?" मंचावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि अध्यक्षांनी आभारप्रदर्शन पुकारलं. चहाच्या वेळी आम्ही काही जण वहिनींभोवती उभे राहिलो आणि कागदी कप हातात धरूनच ही नोंद करायचं काम वाटून घेतलं.

९ फेब्रुवारी

पहिली खरी बैठक, पॉलिटेक्निकच्या सर्व्हे लॅबमध्ये. सर्व्हे शिकवणाऱ्या मॅडम, काका, वहिनी, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असलेले आमचे एक सभासद, मी (धंद्याने इलेक्ट्रॉनिक्सवाला) आणि डिप्लोमाची मुलं-मुली.

बाहेरगावच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं. सांगलीचं पुराचं सगळं बोलणं आयर्विन पुलाच्या फुटांत चालतं. पूल १९२९ सालचा. त्याच्या पट्टीवर ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं, २०२१ मध्ये पंचावन्नच्या, आणि २००५ चा पूर चोपन्नच्या जरा आत थांबला होता. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड अशा सखल भागांत पाणी यायला धोका पातळी लागत नाही, ते त्याच्या बरंच आधी येतं. आणि नदीच्या बाजूने येतंच असं नाही. नदी चढली की नाल्याचं तोंड बंद होतं, मग नदीचं पाणी नाल्यातून उलटं वर सरकतं. हीच फूग. नदीकाठावर लोक फोटो काढत असतात तेव्हा ती मागच्या दाराने कॉलनीत आलेली असते.

म्हणजे एकाच नाल्यातून दोन वेगळे पूर येतात. शहरात ढगफुटीसारखा पाऊस झाला की वरून येणारा, तासाभरात चढणारा आणि तसाच उतरणारा. आणि नदीकडून येणारी फूग. ती हळू चढते, दिवस दिवस मुक्काम करते. कृष्णा-भीमा खोऱ्यात नदी आणि धरणांवर जलसंपदा विभागाची स्वयंचलित मापन केंद्रं आहेत, त्यांच्या वाटेला आम्ही जायचं कारण नाही. आमचं काम नाल्यापुरतं आणि गल्लीपुरतं.

वाद झाला तो आधी काय करायचं यावर. मुलांना सेन्सर हवा होता, ॲप हवं होतं. काकांचं म्हणणं, आधी खांबांवर रंगाने आकडे लिहा. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला असूनही काकांच्या बाजूने हात वर केला. रंगाला बॅटरी लागत नाही, रेंज लागत नाही. शेवटी दोन्ही करायचं ठरलं, पण क्रम पक्का : आधी लेव्हल (उंचीची मोजणी), मग रंग, मग सेन्सर.

२३ फेब्रुवारी

मुलांची कार्यशाळा. सेन्सर निवडला जेएसएन-एसआर०४टी, पाण्यापासून बचाव असलेला अल्ट्रासॉनिक. नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याखाली टांगायचा. आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. ईएसपी३२ (चिमुकला संगणक) ते अंतर वाचेल आणि लोरा या कमी विजेत लांब पोहोचणाऱ्या रेडिओवरून पाठवेल. सिमकार्डाचं मॉड्यूल आम्ही सुरुवातीलाच बाद केलं. २-जी चं जे स्वस्त मॉड्यूल मिळतं ते नेटवर्क शोधताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, बॅटरी दबली की रीसेट होतं, आणि पुरात टॉवरचा भरवसा नाही तो नाहीच. लोराला महिन्याचा रिचार्ज लागत नाही. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे मॉड्यूल मागवताना त्या पट्ट्याचंच मागवायचं, हे मुलांना वहीत लिहून घ्यायला लावलं.

निम्म्या मुलांनी आजवर सोल्डरिंगची गन हातात धरली नव्हती. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात ही वेळ का येते, यावर मी वेगळं बोलेन. आज शिकवायची गोष्ट होती व्होल्टेज डिव्हायडर. सेन्सरची एको (प्रतिध्वनीची) पिन पाच व्होल्ट देते, ईएसपी३२ च्या पिनला ३.३ च चालतात. मध्ये एक किलोओहम आणि दोन किलोओहमच्या रेझिस्टरची जोडी टाकली की दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३ व्होल्ट मिळतात. पुस्तकातलं समीकरण सगळ्यांना येत होतं, पण मल्टिमीटर लावून तोच आकडा दिसल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, खरंच येतंय की." दिवसाची मजुरी वसूल.

१५ मार्च

वर्कशॉपच्या आवारात चाचणी. भिंतीपासून ३.८ मीटरवर सेन्सर ठेवला, टेपने मोजून. सकाळी वाचन बरोबर, दुपारी अंतर कमी दाखवायला लागला. मुलं वायरी हलवून बघत होती. काकांनी टोपी काढली, घाम पुसला आणि विचारलं, "ऊन किती आहे बघा की."

हवेत आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो. ढोबळ सूत्र ३३१ अधिक ०.६ गुणिले तापमान. २० अंशांना ३४३ मीटर प्रतिसेकंद, ४० अंशांना ३५५. प्रोग्रॅममध्ये ३४३ ठोकून बसवलं तर ३.८ मीटरवर सुमारे १३ सेंटिमीटरचा फरक पडतो, पाच इंचांचा. आणि तोही पाणी आहे त्यापेक्षा वर दाखवणारा. म्हणून तापमानाचा वेगळा सेन्सर लागला. तोही डब्यात बसवला तर उन्हात तापलेल्या डब्याचं तापमान सांगतो, हवेचं नाही, तेव्हा तो खाली सावलीत सोडला. पावसाळ्यात दिवस-रात्रीचा फरक इतका नसतो, त्यामुळे ही दुरुस्ती तेव्हा तीन-चार सेंटिमीटरचीच ठरेल. तरी करून ठेवली.

६ एप्रिल

लेव्हलिंग. माझ्या मते प्रकल्पाचा कणा हाच, आणि फोटो काढण्याजोगं यात काहीच नाही.

कल्पना अशी : आयर्विनच्या पट्टीचे फूट गल्लीत न्यायचे. फुगेचं पाणी नाल्यात जवळजवळ उभं असतं, वाहत नाही, म्हणून नाल्याच्या मुखाशी जी पातळी तीच थोड्याफार फरकाने आत कॉलनीत. तेव्हा पुलाच्या पट्टीपासून ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीने) पातळी नेत नेत खांबापर्यंत पोहोचलो, तर "आयर्विनला इतके फूट झाले की पाणी या खांबाच्या बुडाशी" असं सांगता येतं.

सुरुवात कुठून करायची यावर मॅडमनी छान युक्ती काढली. पट्टीच्या खुणेपर्यंत स्टाफ (उभी धरायची मोजकाठी) पोचणं अवघड. म्हणून एकाने पट्टीवर त्या वेळचा पाण्याचा आकडा वाचायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने घाटाच्या पायरीशी स्टाफ पाण्याला टेकवायचा. एप्रिलमधलं पाणी संथ असतं, तीच आमची पहिली बॅकसाइट, म्हणजे माहीत असलेल्या उंचीवरचं सुरुवातीचं वाचन. स्टाफ धरणाऱ्या मुलाचं अर्धं लक्ष पाण्यातल्या मगरीवर होतं. दिसली नव्हती, पण कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत आणि सांगलीत मगरमच्छ कॉलनी नावाची वस्तीच आहे, त्यामुळे त्याला हसायचं कुणाला कारण नव्हतं.

जाऊन-येऊन साधारण दोन किलोमीटरचा फेरा. क्लोजिंग एरर (निघालो तिथे परत आल्यावर उरलेला फरक) १९ मिलिमीटर. साध्या लेव्हलिंगला २५ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ इतकी चूक चालते, म्हणजे दोन किलोमीटरला ३५. मॅडमनी मान हलवली, पण कौतुक केलं नाही. मुलांना ते लागलं.

२० एप्रिल

पुराच्या जुन्या खुणा शोधत गल्लोगल्ली. प्रत्येक घरात खूण आहे. कुठे डाग, कुठे खिळ्याने ओढलेली रेघ, कुठे आजींनी "इथवर आलं बगा" म्हणून दाखवलेली कपाटाची कड. सगळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, कारण भिंतीत ओल वर चढते आणि डाग पाण्यापेक्षा उंच दिसतो. मंदिराच्या दगडी भिंतीवर मात्र २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही रेघा तेव्हाच्या तेव्हा ऑइलपेंटने मारलेल्या निघाल्या. त्यांच्यातलं अंतर आलं ७४ सेंटिमीटर, जवळजवळ अडीच फूट. आयर्विनवरच्या दोन पुरांतला फरकही तितकाच. पातळी न्यायची आमची रीत बरोबर आहे याची ही पहिली खात्री.

दुपारी वेगळाच पेच. एका घरमालकांनी त्यांच्या फाटकाजवळच्या खांबावर आकडा लिहायला हरकत घेतली. "उद्या गिऱ्हाईक आलं घर बघायला, तर हेच पहिलं वाचंल." मुलांना राग आला. मला नाही आला. माणसाची आयुष्यभराची कमाई त्या घरात आहे, आणि पूररेषेच्या चर्चेने तिथले भाव आधीच पडलेत. वहिनींनी तोडगा काढला : कुणाच्या फाटकाजवळ लिहायचं नाही, मंदिर, पाण्याची टाकी, समाजमंदिर, पुलाचा कठडा अशा सार्वजनिक जागीच लिहायचं. गल्लीतलं घर तिथून कितीसं दूर?

११ मे

रंगकाम. परवानग्या हातात आल्यावरच ब्रश उचलला. पिवळी पट्टी, त्यावर काळे देवनागरी आकडे, एक एक फुटाला. प्रत्येक ठिकाणी बुडाशी आयर्विनचा आकडा : "आयर्विन ३६", "आयर्विन ३८", मंदिरापाशी "आयर्विन ४३". फुटांऐवजी मीटर लिहावेत असं एका सभासदाने सुचवलं, कारण सगळी सरकारी मोजणी मीटरमध्ये. काकांनी त्यांना चहा पाजला आणि विषय संपला.

आकड्याची उंची किती ठेवायची हे ठरवायला रात्री टॉर्च घेऊन गेलो. वीज गेलेली, पाऊस पडतोय, माणूस दुसऱ्या मजल्यावरून बघतोय, असं धरून. १५ सेंटिमीटरचा आकडा दिसला, १० चा नाही.

२५ मे

नाल्याच्या पुलावर सेन्सर चढवला. कठड्यापासून बाहेर काढलेला लोखंडी हात मूळ आराखड्यात दीड फुटाचा होता. त्याने सतत १.८२ मीटर दाखवलं, पाणी त्याच्या दुप्पट खाली असताना. या सेन्सरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा पसरत जातो, आणि बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेला जुना पाइप आधी उत्तर देत होता. हात तीन फुटांचा करून आणला, वाचन सुधारलं. दुसरी अडचण म्हणजे सेन्सरच्या तोंडापासून साधारण २५ सेंटिमीटरच्या आत आलेलं पाणी त्याला दिसतच नाही. पाणी तिथवर चढलं तर पूल बुडालेला असेल, तेव्हा ते सोडून दिलं.

रिसीव्हर कुठे ठेवायचा यावर बराच खल. कॉलनीतलीच गच्ची सोयीची होती. पण पूर आला की सुरक्षेसाठी त्याच भागाची वीज आधी बंद करतात, त्यामागोमाग वायफाय जातं. म्हणून रिसीव्हर विश्रामबागेकडे, उंचावरच्या एका सभासदाच्या गच्चीवर, इन्व्हर्टरच्या जोडणीवर. शहराच्या इमारतींमधून सिग्नल पोहोचेल का ही शंका होती. अँटेना पाण्याच्या टाकीच्या वर नेल्यावर पोहोचला.

३ जून

बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरते. ईएसपी३२ झोपला की करंट नगण्य घेतो, पण ज्या तयार बोर्डावर तो बसलाय त्यावरचा लाल दिवा आणि रेग्युलेटर झोपत नाहीत. मोजलं तर आठ मिलीअँपिअर. २,६०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशोबाने साडेतेरा दिवसांत संपते, आणि सांगलीच्या आषाढात सूर्य तितके दिवस सहज दडी मारतो. दिवा उखडला, रेग्युलेटर बदलला.

१८ जून

पावसाची सुरुवात आणि फेसाची कटकट. नाल्यात सांडपाणी आहे हे माहीत होतंच. पुलाखालच्या उतारावर ते आपटून साबणाचा फेस होतो आणि फेस आवाज गिळतो, प्रतिध्वनी परतच येत नाही. वाचनांत मध्येच भोकं. त्यात थर्माकोल, बाटल्या, जलपर्णीचे पुंजके तरंगत येऊन सेन्सरखाली अडकतात, मग पाणी हातभर वर आल्याचं दिसतं. आता दर वेळी पंधरा वाचनं घेऊन त्यातलं मधलं धरतो. सरासरी घेतली तर एक वेडं वाचनही आकडा ओढतं, मधलं घेतलं की तसं होत नाही. कचऱ्याचा पुंजका मात्र ठाण मांडून बसला तर पंधराच्या पंधरा वाचनं एकसारखी चुकतात. त्याला गणितात औषध नाही, माणसानेच जाऊन बघायला हवं.

उभा पीव्हीसी पाइप सोडून त्यात मोजावं, असं सुचवलं गेलं. स्वच्छ पाण्यात ते उत्तम. इथे तो पाइप पंधरवड्यात गाळाने बुजेल.

९ जुलै

रात्री साडेअकराला फोनवर नाला चढत असल्याची सेन्सरची सूचना. वहिनींना फोन केला तर त्या आधीच पुलावर, छत्री घेऊन, गटातल्या दोघींसह. "पाणी येतंय का जातंय?" मी विचारलं. सेन्सर हे सांगू शकत नाही, त्याला फक्त उंची कळते. वहिनी म्हणाल्या, "जातंय. कचरा नदीकडं चाललाय. जोरात हाय पण जातंय."

म्हणजे पावसाचं पाणी. चाळीस मिनिटांत ७० सेंटिमीटर चढलं, पाऊस ओसरला तसं दीड-दोन तासांत उतरलं. कुणाला उठवावं लागलं नाही. कॉलनीतल्या जुन्या बायका कचऱ्याच्या दिशेवरून पूर ओळखतात, हे आमच्या एकाही आराखड्यात नव्हतं. आता आहे : संदेशात उंचीच्या शेजारी "दिशा" असा रकाना, आणि तो भरायचा पुलावर उभ्या असलेल्या माणसाने. दिशा मोजणारा सेन्सर बसवू असं मुलं म्हणताहेत. बसवा, पण तोवर रकाना राहू दे.

२७ जुलै

संदेशांचं काम वाटलं त्यापेक्षा किचकट. एसएमएस पाठवावेत असं पहिल्यांदा वाटलं होतं. पण भारतात एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या साच्याचीही डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेत) नोंदणी लागते, आमच्यासारख्या हौशी गटाला ते झेपणारं नाही. म्हणून व्हॉट्सॲपचा गट, ज्यात फक्त तिघांनाच लिहिता येतं.

सुरुवातीला दर दहा मिनिटांनी आकडा जायचा. आठवड्यात निम्म्या लोकांनी गट म्यूट केला, आणि बरोबरच केलं. आता नियम असा की पाणी अर्ध्या फुटाने बदललं तरच संदेश. त्यात वेळ, जागा, उंची, दिशा. वेळ आणि तारीख सक्तीची, कारण पुराच्या दिवसांत जुने व्हिडिओ "आत्ताचं कोयनेचं दृश्य" म्हणून फिरत असतात आणि लोक सामान बांधायला घेतात. धरणाच्या विसर्गाबद्दल आम्ही एक अक्षर लिहीत नाही. ते प्रशासनाने सांगायचं.

१४ ऑगस्ट

आज फूग. सांगलीत लख्ख ऊन, पावसाचा थेंब नाही, आणि नाला चढतोय. घाटमाथ्यावर दोन दिवस झोडपलं होतं त्याचं हे पाणी. मुलांना मुद्दाम बोलावून घेतलं. पुलावरून एक वाळकी फांदी टाकली, ती नदीकडे न जाता कॉलनीकडे सरकायला लागली. सगळे गप्प झाले आणि मग एकदम बोलायला लागले.

तासाला तीन-चार सेंटिमीटर असा चढ. गंमत म्हणजे सेन्सर आज कधी नव्हे इतका शहाण्यासारखा वागतोय. नदीचं गढूळ पाणी वर आल्याने उतारावरचं आपटणं बंद झालंय, फेस नाही, कचरा वर सरकून गेलाय, पंधराही वाचनं एका सेंटिमीटरच्या आत.

खरी परीक्षा खांबांची होती. "आयर्विन ३६" लिहिलेल्या खांबाच्या बुडाला पाणी लागलं तेव्हा आयर्विनच्या पट्टीवर ३६ फूट ४ इंच होते. चार इंचांचा फरक का, यावर काका आणि मॅडम यांच्यात रंगलं. नाला आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला नदीला मिळतो. वाहत्या नदीला थोडा उतार असतोच, त्यामुळे नाल्याच्या मुखाशी पाणी पुलापेक्षा किंचित खाली राहतं. पाणी आणखी चढलं की हा फरक बदलेलही. आकडा सुधारायचा का? काका म्हणाले राहू दे, खांब चार इंच आधी सांगतो म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. मॅडमना ते पटलं नाही, त्यांनी वहीत दुरुस्ती लिहून ठेवली. दोन्ही रास्त.

संध्याकाळी खालच्या गल्लीतल्या तीन घरांनी फ्रिज आणि धान्य वर नेलं, उजेड असताना, सावकाश. पाणी त्यांच्या उंबऱ्याच्या दोन पायऱ्या खाली थांबलं आणि दुसऱ्या दिवशी उतरलं. एका घरातले आजोबा चिडले, उगाच चढ-उतार करायला लावली म्हणून. वहिनी त्यांना उत्तर देत बसल्या नाहीत. त्यांच्याकडे बचत गटाची वही होती, दर तासाचा आकडा हाताने लिहिलेला. माझ्या सर्व्हरवरच्या फाइलमध्ये पहाटेचे दोन तास गायब आहेत, वहीत नाहीत.

१५ सप्टेंबर

अभियंता दिन. संस्थेने आमच्या गटाचा सत्कार ठेवला. हॉलऐवजी पुलावर कार्यक्रम करावा असा माझा प्रस्ताव वाहतुकीच्या कारणाने फेटाळला गेला, त्यातही तथ्य आहे.

काका विश्वेश्वरय्यांवर बोलले, आणि म्हैसूरच्या आधीचे विश्वेश्वरय्या सांगितले, जे आपल्याकडे कमी सांगितले जातात. पुण्यात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे. १९०८ मध्ये मुसी नदीने हैदराबाद उद्ध्वस्त केल्यावर सल्ल्यासाठी त्यांनाच बोलावलं, आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर उभे राहिले. मुलांनी विचारलं, एकशे वीस वर्षांपूर्वी दरवाजा स्वतः उघडत होता, मग आपल्या पुलावर अजून माणूस का उभा करायचा? काकांनी त्याचं उत्तर मुलांकडूनच काढलं : खडकवासल्याला पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार हे नक्की होतं.

शाल वहिनींनाही दिली. त्यांनी भाषणात एकच मागणी केली, पुलावर रात्री उभं राहायला एक चांगला दिवा आणि गंबुटांचे चार जोड. अध्यक्षांनी तिथेच मंजूर केले. सेमिनारमधून इतक्या झटपट काही पदरात पडल्याचं मला तरी आठवत नाही.

५ ऑक्टोबर

सेन्सर उतरवला. डब्यात गांधीलमाशीने घर केलं होतं. बॅटरी अर्धी भरून ठेवली, पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. केबलच्या तोंडाशी ओल शिरलीय, पुढच्या वर्षी ग्लँड (केबलभोवतीचे सील) बदलायचे.

खर्च : एका सेन्सर-संचाला सगळं धरून साडेतीन हजारांच्या आसपास. रंग आणि ब्रश त्याच्या निम्म्याहून कमी. लेव्हल पॉलिटेक्निकची, मजुरी कुणी घेतली नाही. लोखंडी हाताचे पैसे वर्कशॉपवाल्या सभासदांनी घ्यायला नकार दिला, तरी पावती फाडून घेतलीय, हिशेब लेखापरीक्षकांना दाखवायचा असतो.

आणखी दोन कॉलन्यांनी मागणी केलीय. त्यातली एक शामरावनगरकडची, तिथे फुगेपेक्षा पावसाचं साचणारं पाणी जास्त, त्यामुळे आयर्विनचे फूट तिथे लिहून उपयोग नाही, वेगळा विचार करावा लागेल. दुसरीकडे नाल्याचं मुख आयर्विनच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे चार इंचांचा फरक उलट्या बाजूने पडेल आणि खांब उशिरा सांगेल. तिथे मॅडमची दुरुस्ती आधीच धरून आकडे लिहायचे. डिसेंबरच्या सुट्टीत लेव्हलिंग. स्टाफ धरायला दोन नवी मुलं लागतील, जुनी दोघं नोकरीला पुण्याला गेली.